मतदानाचा हक्क घटनेत होताच, मग अमेरिकेला वेगळा कायदा कशाला लागला?

अमेरिकेत निवडणुका आल्या की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो, की एवढी जुनी लोकशाही आणि तिथे अजून "लोकांना मत देऊ द्या" म्हणून कायदे करायची, भांडायची वेळ का येते? प्रश्न अगदी रास्त आहे. आणि तो समजून घ्यायचा तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे तिथे आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग नाही. आपल्याकडे गडचिरोलीतलं मतदान केंद्र असो की कुलाब्यातलं, लोकसभेला नियम तेच, यादी करायची पद्धत तीच, वर आयोग एकच. तिथे निवडणूक चालवणारी लहानमोठी स्थानिक ऑफिसं मिळून साधारण दहा हजार आहेत. नियम राज्य करतं, केंद्र कुठे ठेवायचं ते बहुतेक ठिकाणी काउंटी ठरवते, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार. त्यामुळे ओरेगॉनमध्ये सगळ्यांना बॅलट घरी पोस्टाने येतो, टेक्सासमध्ये पोस्टाने मत द्यायचं तर वय ६५ किंवा त्याहून जास्त लागतं, नाहीतर आजारपण वगैरे कारण लागतं, आणि नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणी हा प्रकारच नाही. देश एक, राष्ट्राध्यक्ष एक, आणि मत देण्याचे नियम पन्नास तऱ्हेचे.

आता राज्यं नियम करतात म्हटल्यावर राज्याला कोणाला बाहेर ठेवायचंच असेल तर काय? इथूनच १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टची, म्हणजे मतहक्काच्या कायद्याची, सगळी गोष्ट सुरू होते.

गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये अमेरिकेच्या घटनेत पंधरावी दुरुस्ती आली. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कोणाचाही मताचा हक्क नाकारता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे कागदावर विषय तिथेच संपला होता. पण दक्षिणेतल्या राज्यांनी काय केलं, कायद्यात "काळा" हा शब्दच वापरला नाही. मत द्यायचंय ना, आधी पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठीचा कर, भरा. वाचता येतं का त्याची परीक्षा द्या. आधीच नोंद असलेल्या एखाद्या मतदाराने तुमच्यासाठी शब्द टाकायला पाहिजे. सगळे नियम दिसायला सगळ्यांना सारखे, पण परीक्षा घेणारा क्लार्क गोरा, पास-नापास ठरवणारा तोच, आणि कोणाला कुठला प्रश्न विचारायचा ते पण त्याच्याच हातात.

लुईझियानातली १९६४ च्या सुमाराची एक परीक्षा आहे, पाचवीपर्यंत शिकल्याचा पुरावा नसेल त्याच्यासाठी. तीस प्रश्न, दहा मिनिटं, एक जरी उत्तर चुकलं तरी नापास. पहिलाच प्रश्न असा की या वाक्याच्या आकड्याभोवती किंवा अक्षराभोवती रेघ काढा. आता रेघ आकड्याभोवती काढायची की अक्षराभोवती, अक्षर म्हणजे नेमकं कुठलं, रेघ म्हणजे गोल की सरळ? काहीही काढलं तरी समोरचा चूक म्हणू शकतो. शिकलेल्या माणसालाही यात अडकवता येतं, आणि अडकवता यावं म्हणूनच तो तसा लिहिला होता.

अलाबामातलं सेल्मा हे गाव ज्या काउंटीत आहे तिथे मतदानाच्या वयाचे साधारण १५,००० काळे नागरिक होते. नोंदणी ऑफिस महिन्यातून दोनच सोमवारी उघडायचं. लोक सकाळपासून लायनीत उभे राहायचे, संध्याकाळी न बोलावताच परत. केंद्र सरकारने या काउंटीवर खटला भरला, तो चार वर्षं चालला, आणि चार वर्षांत नोंद झालेल्या काळ्या मतदारांचा आकडा १५६ वरून ३८३ वर गेला. हे मी मुद्दाम सांगतोय कारण सगळ्या विषयाची मेख इथे आहे. हक्क होता, कोर्ट होतं, सरकार बाजूने होतं, खटलाही जिंकत होते, पण एक युक्ती कोर्टाने बंद केली की ऑफिसवाले दुसरी काढायचे आणि मग त्या दुसरीवर नवा खटला पहिल्यापासून.

मग ७ मार्च १९६५ चा रविवार. सेल्माच्या एडमंड पेटस पुलावरून मताच्या हक्कासाठी साधारण ६०० लोक शांतपणे चालत निघाले, पुढे चळवळीतले जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स. पुलाच्या पलीकडे राज्याच्या पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी आणि अश्रुधुराने झोडपलं, लुईसच्या कवटीला फ्रॅक्चर झालं, आणि हे सगळं त्या रात्री देशभर टीव्हीवर दिसलं. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले, आणि ६ ऑगस्ट १९६५ ला व्होटिंग राइट्स ॲक्टवर सही झाली.

या कायद्यात बरंच काही आहे, पण खरी कमाल कलम ५ मध्ये आहे, ते नीट समजलं की बाकी आपोआप कळतं. कायद्याने आधी एक फॉर्म्युला दिला. जिथे १९६४ मध्ये अशी परीक्षा वापरात होती आणि निम्म्याहून कमी लोक नोंदलेले होते किंवा निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं होतं, ती ठिकाणं यादीत. त्यात अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, लुईझियाना, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बऱ्याच काउंट्या आल्या. पुढे टेक्सास, ॲरिझोना पण आले. यादीतल्या राज्याने किंवा काउंटीने निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. मतदान केंद्र रस्त्याच्या पलीकडे हलवायचं असलं तरी. न्याय खात्याला ६० दिवस मिळायचे, आणि या बदलाने कोणाचं नुकसान होत नाही हे दाखवायची जबाबदारी बदल करणाऱ्यावर.

म्हणजे ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. आधी ज्याचं मत गेलंय त्याने वकील करायचा, पुरावे गोळा करायचे, वर्षानुवर्षं थांबायचं, आणि तोपर्यंत निवडणुका होऊन माणसं निवडून येऊन बसायची. आता नियम बदलणाऱ्याने आधी विचारायचं.

फरक किती पडला बघा. मिसिसिपीत १९६५ च्या आधी काळ्या नागरिकांपैकी ७ टक्के पण मतदार म्हणून नोंदलेले नव्हते, १९६७ पर्यंत तो आकडा ६० टक्क्यांच्या जवळ गेला. दोन वर्षांत!

आणि हे फक्त साठच्या दशकातलं नाही. मिसिसिपीतल्या किलमायकल या छोट्या गावात २००१ मध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीला पहिल्यांदाच खूप काळे उमेदवार उभे राहिले. तिथल्या महापौराने आणि सगळ्या गोऱ्या सदस्यांनी काय करावं, तर निवडणूकच रद्द केली. साध्या कायद्याने गेलं असतं तर कोर्टकचेरीत वर्षं गेली असती. पण हा बदल न्याय खात्याकडून पास करून घ्यायला लागत होता, खात्याने नाही म्हटलं, निवडणूक घ्यायला लावली, आणि त्या गावाने पहिला काळा महापौर आणि तीन काळे सदस्य निवडून दिले. पेपरात फारसं आलंही नसेल असलं एक प्रकरण, पण त्या गावातल्या लोकांसाठी केवढी मोठी गोष्ट.

कायद्यातला हा परवानगीचा भाग मुदतीचा होता, वेळोवेळी वाढवत नेला. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी सही केली तेव्हा कलम २ पण पक्कं झालं, म्हणजे देशात कुठेही नियमाचा परिणाम भेदभावाचा असेल तर तो बेकायदा, मनात वाईट हेतू होता हे सिद्ध करायची गरज तेव्हा उरली नाही. २००६ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश राष्ट्राध्यक्ष असताना २५ वर्षांची मुदतवाढ मिळाली, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ९८ विरुद्ध ०. हो, शून्य. आज अमेरिकेत या विषयावर दोन पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांना वीस वर्षांपूर्वी हे जमत होतं.

मग २५ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर या खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. कोर्टाने कलम ५ रद्द केलं नाही, ते अजून कायद्याच्या पुस्तकात आहे. रद्द केला तो फॉर्म्युला, कोणाला परवानगी लागेल ते ठरवणारा. फॉर्म्युलाच गेल्यावर यादी रिकामी झाली, आणि यादीत कोणीच नाही म्हणजे परवानगी मागायला कोणीच येणार नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं की आकडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत, देश बदललाय, सगळी राज्यं समान असताना काहींनाच दिल्लीदरबारी, म्हणजे वॉशिंग्टनदरबारी हात जोडून उभं करायचं तर कारण आजचं पाहिजे. या म्हणण्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, फॉर्म्युला खरंच जुना होता. पण संसदेने २००६ मध्ये हजारो पानांचे पुरावे बघून तो ठेवला होता, आणि दहा वर्षं स्वच्छ वागलेल्या ठिकाणाला यादीतून बाहेर पडायची सोय कायद्यातच होती. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग म्हणाल्या की भिजत नाहीये म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं आहे हे. ज्या शेल्बी काउंटीने खटला भरला तिच्यातल्याच कॅलेरा शहराने २००८ मध्ये नवे वॉर्ड असे पाडले होते की एकमेव काळा नगरसेवक पडला, आणि न्याय खात्याने मध्ये पडून ती निवडणूक परत घ्यायला लावली होती.

छत्री टाकल्यावर काय झालं? टेक्सासने निकालाच्याच दिवशी जाहीर केलं की आमचा अडवून ठेवलेला फोटो आयडीचा कायदा आता लागू. त्या कायद्यात बंदुकीचं लायसन्स चालत होतं, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनाने थोड्याच दिवसांत आयडीची सक्ती आणली, आगाऊ मतदानाचे दिवस कमी केले, त्याच दिवशी नोंदणी करून मत द्यायची सोय बंद केली, आणि २०१६ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की काळ्या मतदारांवर शस्त्रक्रियेच्या अचूकतेने नेम धरलाय. कोर्टाने तो कायदा रद्द केला हे खरं, पण मध्ये तीन वर्षं गेली. पूर्वी यादीत असलेल्या भागांमध्ये २०१२ ते २०१८ या काळात १,६८८ मतदान केंद्रं बंद झाली, असं लीडरशिप कॉन्फरन्स एज्युकेशन फंडच्या अहवालात आहे. २०१८ मध्ये जॉर्जियातल्या रँडॉल्फ काउंटीत, जिथे निम्म्याहून जास्त लोक काळे आहेत, नऊपैकी सात केंद्रं बंद करायचा प्रस्ताव आला, कारण काय तर अपंगांसाठी रॅम्प नाहीत. बरं मग रॅम्प बांधा ना! लोकांनी एवढा आरडाओरडा केला की तो फेटाळावा लागला, पण प्रत्येक काउंटीत कॅमेरे पोचतीलच असं नाही.

शेल्बीच्या निकालानंतर उरलं कलम २, म्हणजे आधी नुकसान होऊ द्या मग कोर्टात या. अलाबामाचं उदाहरण घ्या. तिथे २७ टक्के लोक काळे, काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सात जागा, आणि मतदारसंघांच्या २०२१ च्या नकाशात काळ्या मतदारांचं पारडं जड असेल अशी जागा फक्त एक. कोर्टाने नकाशा बेकायदा ठरवला, सुप्रीम कोर्टाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली, २०२२ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली, आणि जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ नी सांगितलं की मूळ कोर्ट बरोबर होतं. म्हणजे दोन वर्षं लोकांचे खासदार बेकायदा म्हणाव्या अशा नकाशावरून निवडून आलेले, आणि ती दोन वर्षं कोणी परत देत नाही.

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. आपली घटना लिहिताना सुरुवातीला राज्यांसाठी वेगळे निवडणूक आयोग ठेवायचा विचार होता. १५ जून १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं की काही प्रांतांमध्ये तिथलं सरकार अशा रीतीने काम करतंय की वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने आपल्यातले नसलेल्या लोकांची नावं मतदार यादीत येऊच नयेत, आणि म्हणून सगळा कारभार एका केंद्रीय आयोगाकडे दिला पाहिजे. आजचं कलम ३२४ ते हेच. ज्या दुखण्यावर अमेरिका १६ वर्षांनी कलम ५ घेऊन आली, ते त्यांनी पहिल्या निवडणुकीच्याही आधी ओळखलं होतं. यादी कोणाच्या हातात, हा प्रश्न त्यांनी बारीकसारीक म्हणून सोडून दिला नाही.

अमेरिकेत घटना बदलून असा आयोग करणं जवळपास अशक्य, त्यामुळे रस्ता उरतो संसदेच्या कायद्याचा. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातच लिहिलंय की काँग्रेसच्या निवडणुकीची वेळ, जागा, पद्धत राज्यं ठरवतील पण संसद ते नियम कधीही बदलू शकते. या तरतुदीतून आधीही कायदे झालेत. १९९३ च्या कायद्याने ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेलात की तिथेच मतदार नोंदणीचा फॉर्म मिळायला लागला, आणि केंद्रीय निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत यादीतून घाऊक नावं काढायला बंदी आली. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांवर राष्ट्राध्यक्ष ठरला, तो गोंधळ बघून २००२ चा कायदा आला, त्यात यादीत नाव सापडलं नाही तरी तात्पुरता बॅलट भरून द्यायचा हक्क मिळाला.

२०२१ मध्ये दोन मोठी विधेयकं आली. एक फ्रीडम टू व्होट ॲक्ट, त्यात मतदानाच्या दिवशी सुट्टी, किमान दोन आठवडे आगाऊ मतदान, आपोआप नोंदणी, पोस्टाने मत सगळ्यांना. (आपल्याकडे मतदानाला पगारी सुट्टी कायद्यानेच आहे, तिथे बऱ्याच राज्यांत मंगळवारी कामावरून पळत जाऊन मत द्यायचं.) दुसरं जॉन लुईसच्या नावाचं. त्या पुलावर मार खाल्लेला तो तरुण पुढे तीस वर्षांहून जास्त खासदार होता, जुलै २०२० मध्ये वारला. या विधेयकात रॉबर्ट्सच्या आक्षेपाला थेट उत्तर आहे, कारण फॉर्म्युला नवा आणि सरकता आहे. मागच्या २५ वर्षांत एखाद्या राज्यात १५ वेळा मतहक्क मोडले गेले, किंवा १० वेळा आणि त्यातला किमान एक प्रकार खुद्द राज्याने केलेला, तर ते राज्य १० वर्षं यादीत. राज्य दक्षिणेतलं असो की उत्तरेतलं, वागणूक आजची मोजायची.

दोन्ही एकत्र करून १९ जानेवारी २०२२ ला सिनेटमध्ये आणलं आणि पडलं. तिथे चर्चा संपवून मतदान घ्यायलाच १०० पैकी ६० मतं लागतात, ती नव्हती. तो नियम या एका विधेयकापुरता बाजूला ठेवू म्हटलं तर डेमोक्रॅट पक्षातलेच दोघे, मँचिन आणि सिनेमा, नाही म्हणाले. मतहक्काचं विधेयक असं सिनेटच्या स्वतःच्या मतदानाच्या नियमात अडकलं याचं मला अजून वाईट वाटतं. मार्च २०२५ मध्ये खासदार टेरी सूएलनी ते परत मांडलंय, सेल्मा त्यांच्याच मतदारसंघात येतं.

इथे बरेच जण म्हणतील, आयडी मागितला तर काय बिघडलं, आम्ही पण दाखवतोच की. दाखवतो, पण आपल्याकडे मतदार कार्ड आयोग स्वतः काढून देतो, बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्राचा अधिकारी, दारात येतो, आणि कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, मनरेगाचं जॉब कार्ड असं बरंच काही चालतं. तिथे सगळ्यांकडे असेल असं एकही सरकारी ओळखपत्र नाही, आणि कुठलं चालेल ते तुमचंच राज्य ठरवणार. त्यापुढची पायरी म्हणजे नागरिकत्वाचा कागद. एप्रिल २०२५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने २२० विरुद्ध २०८ नी सेव्ह ॲक्ट पास केला, नोंदणीलाच पासपोर्ट किंवा जन्मदाखल्यासारखा पुरावा दाखवा असं म्हणणारा. हाही केंद्राचाच कायदा हे लक्षात घ्या, केंद्राच्या कायद्याने दार उघडता येतं तसं अरुंदही करता येतं. कॅन्ससने हाच प्रयोग २०१३ पासून केला होता. त्यात ३१,००० च्या आसपास लोकांची नोंदणी अडली, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा त्या नागरिक नसलेल्यांच्या यशस्वी नोंदी कोर्टाला १९९९ ते २०१२ या काळात सापडल्या ३९. तो कायदा २०२० मध्ये अपील कोर्टातही टिकला नाही.

आपल्या मराठी घरांना हे कागदाचं प्रकरण लगेच कळेल. न्यूजर्सीत जन्मलेली मुलगी, जन्मदाखल्यावर मधलं नाव वडलांचं, आडनाव माहेरचं, लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. तीन नावांतली दोन बदललेली. पासपोर्ट काढलेला नसेल तर ती तीच आहे हे दाखवायला आधी लग्नाचा दाखला शोधा, आणि लग्न पुण्यात झालं असेल तर तो कुठल्या फाइलमध्ये आहे ते आईला फोन करून विचारा.

आणि ज्यांचे आईवडील तिकडे जाऊन सिटिझन झालेत त्यांच्यासाठी याच १९६५ च्या कायद्यातली एक कामाची गोष्ट. काउंटीत एखाद्या भाषेचे पुरेसे लोक असतील तर त्या भाषेत बॅलट द्यावा लागतो, म्हणून न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीत तशी सोय झाली. मराठीच्या भरवशावर बसू नका. पण १९८२ मध्ये घातलेलं कलम २०८ सगळ्या राज्यांत चालतं. ज्याला बॅलट वाचता येत नाही, किंवा नजर अधू आहे, किंवा अपंगत्व आहे, तो आपल्या पसंतीचा माणूस मदतीला आत नेऊ शकतो. मुलगा, सून, शेजारीण, कोणीही चालतं, फक्त आपण नोकरी करतो तिथला मालक किंवा त्याचा माणूस आणि आपल्या युनियनचा माणूस नको. केंद्रावरच्या माणसाला हे माहीत नसेल तर शांतपणे कलमाचा नंबर सांगायचा, आणि मतदानाच्या बरंच आधी राज्याच्या वेबसाइटवर आपलं नाव यादीत आहे ना ते बघून ठेवायचं, कारण बऱ्याच राज्यांत नोंदणी मतदानाच्या आधीच बंद होते, काही ठिकाणी तर महिनाभर आधी.